रस्त्याकडेचा यजमान

जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यातून पाच दिवस धावलेली ‘पुणे ग्रँड टूर’ ही सायकल शर्यत संपली, तिच्यावरचा वाद मात्र संपलेला नाही. वाद व्हावा याला माझी हरकत नाही. तो फार उथळपणे होतो आहे, ही माझी तक्रार आहे. एका बाजूचे म्हणणे असे, की परक्या खेळाडूंच्या हौसेसाठी शहराचे आणि तालुक्यांचे रस्ते अडवले गेले, शर्यतीच्या मार्गावर घाईघाईने डांबर पडले आणि शेजारच्या गल्लीतला खड्डा होता तिथेच राहिला. आणि एवढे सगळे केले ते दहा सेकंदांत डोळ्यांसमोरून निघून जाणाऱ्या एका घोळक्यासाठी. दुसरी बाजू त्यावर पर्यटन, गुंतवणूक आणि जगाच्या नकाशावर झळकलेले पुणे यांचा पाढा वाचते. या दोन्ही बाजूंच्या जमाखर्चात एका माणसाची नोंदच नाही. उन्हात रस्त्याकडेला ताटकळलेला, शर्यत गेल्यावर खुशीत घरी परतलेला प्रेक्षक पहिल्या बाजूला भाबडा वाटतो आणि दुसऱ्या बाजूला तो जाहिरातीच्या छायाचित्रापुरता हवा असतो.

माझ्या मते, सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्या शर्यतीचे टिकाऊ समर्थन एकच आहे: त्या रस्त्याच्या काठाने राहणाऱ्या माणसांना तिच्यातून मिळणारा आनंद. पर्यटन वाढले तर उत्तमच, पण ते वाढले नाही म्हणून शर्यत फसली असे होत नाही. आणि ते वाढले, पण गावकऱ्याला कठड्यामागे कोंडून, शिट्ट्या मारून पिटाळून लावले, तर ती शर्यत यशस्वी झाली असेही मी म्हणणार नाही. मैदानावरच्या खेळात प्रेक्षक हा पाहुणा असतो. तो तिकीट काढतो, नेमून दिलेल्या जागी बसतो, खेळ संपला की उठतो. रस्त्यावरच्या शर्यतीत खेळाडू तुमच्या दारावरून जातात. तिथे पाहुणे ते असतात आणि यजमान तुम्ही. या एका उलटापालटीतून प्रेक्षकाचे हक्कही निघतात आणि त्याची कर्तव्येही.

आधी त्या दहा सेकंदांचे पाहू, कारण हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे आणि सर्वांत कमी विचार करून घेतलेला आहे. सपाटीवर घोळका ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या वेगाने येतो, साखळ्यांची सळसळ आणि वाऱ्याचा एक झोत मागे ठेवतो आणि वळणाआड नाहीसा होतो, हे खरेच आहे. पण आक्षेप घेणाऱ्या पुणेकराने आपल्याच जिल्ह्यात खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या पट्ट्यात एखाद्या यात्रेला जाऊन बैलगाडा शर्यत पाहावी. तिथे गाडा घाटातून, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरून, सुटतो आणि काही सेकंदांत निशाणापार होतो. त्या सेकंदांसाठी माणसे सकाळपासून घाटाच्या दोन्ही अंगांना दाटीवाटीने उभी असतात, घड्याळातल्या सेकंदाच्या अंशावरून दुपारभर हुज्जत घालतात आणि दिवसातल्या सर्वांत वेगवान गाड्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गुलालात न्हाऊ घालतात. बैलांच्या हालांवरून या शर्यतींवर बंदी आली, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१मध्ये त्यांना सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने त्यांच्यामागचा कायदा वैध ठरवला. या साऱ्या लढाईत बैलांच्या बाजूने पुष्कळ बोलले गेले, पण ‘शर्यत फार लवकर संपते, म्हणून ती निरर्थक आहे’ असे कोणी म्हटल्याचे माझ्या कानांवर नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्यालाही आपण ‘घाटाचा राजा’च म्हणत आलो. शब्द एकच असावा हा योगायोग नाही. पाहणाऱ्याची वृत्तीही एकच आहे.

मग ही वृत्ती काय आहे? वाट पाहणे हा शर्यत पाहण्याआधीचा तोटा नसून तिचाच मोठा भाग आहे. फ्रान्समधल्या ‘टूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीसाठी डोंगरावर जाणारी कुटुंबे शर्यतीच्या दोन-दोन दिवस आधी वळणावरची जागा धरून ठेवतात, तिथेच रांधतात, शेजारच्या अनोळखी माणसाला खाऊ घालतात, रस्त्यावर खडूने आणि रंगाने आवडत्या स्वारांची नावे लिहितात. शर्यतीच्या साधारण दोन तास आधी जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा येतो आणि टोप्या, बिस्किटे, किल्ल्यांची कडी उधळत जातो. एरवी प्रतिष्ठित वाटणारे गृहस्थ त्या दहा पैशांच्या वस्तूंसाठी लहान मुलांशी झटापट करताना दिसतात. या ताफ्याचा जन्म १९३०चा. त्या वर्षी संचालक आंरी देग्रांज यांनी सायकल कारखान्यांचे संघ मोडून राष्ट्रीय संघ आणले, कारखान्यांचा पैसा आटला, तेव्हा ती भरपाई चॉकलेट आणि साबण विकणाऱ्यांकडून करावी लागली. म्हणजे व्यापार तिथे पहिल्यापासून आहे. मुळात १९०३ची पहिली शर्यतच ‘लोतो’ या वृत्तपत्राचा खप वाढवण्याची युक्ती होती. पण त्या युक्तीची खुबी ही, की विकणाऱ्याला प्रेक्षकाच्या उंबऱ्यापर्यंत स्वतः चालत यावे लागले. आणि चढावर तर घड्याळाचा आक्षेपही उरत नाही: तिथे वेग ताशी पंधरा-वीसवर येतो, घोळका फुटतो आणि पुढारी स्वार गेल्यानंतरही बराच वेळ एकेकटे, घामेजलेले, हरलेले स्वार येत राहतात. त्यांना मिळणाऱ्या टाळ्या ऐकल्या, की हे लोक फक्त विजेता पाहायला आले होते असे म्हणवत नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे शर्यतीच्या समर्थकांकडे वळतो, कारण माझ्या मते जास्त नुकसान त्यांच्याच युक्तिवादाने होते. इंग्लंडमधल्या यॉर्कशरचे उदाहरण ते देतात. तेच मीही देतो. जुलै २०१४मध्ये ‘टूर द फ्रान्स’चा, म्हणजे ‘टूर’चा, आरंभ तिथल्या लीड्समधून झाला. दोन दिवसांत रस्त्यांवर जमलेल्या माणसांचा अंदाज पंचवीस लाखांच्या घरात होता. बटरटब्स आणि होम मॉस या चढांवर पाय ठेवायला जागा नव्हती, ‘टूर’मध्ये आघाडीवरचा स्वार पिवळा सदरा घालतो, म्हणून खेड्याखेड्यांत भिंतींना पिवळ्या रंगाने रंगवलेल्या जुन्या सायकली टांगल्या होत्या, कोणी तर मेंढ्याही पिवळ्या केल्या होत्या. त्या उत्साहावर २०१५पासून ‘टूर द यॉर्कशर’ ही स्वतंत्र शर्यत उभी राहिली. ती २०१९नंतर झाली नाही, आणि हे सगळे घडवून आणणारी ‘वेलकम टू यॉर्कशर’ ही पर्यटन संस्था २०२२मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. समर्थकांनी मांडलेल्या तराजूत तोलायचे, तर हे अपयशच म्हणावे लागेल. पण त्या दोन दिवसांत आजोबांच्या खांद्यावर बसून शर्यत पाहिलेल्या पोराला कोणी जाऊन सांगेल काय, की संस्था बुडाली, तेव्हा तुझा आनंद परत कर? जो युक्तिवाद संस्थेच्या ताळेबंदाबरोबर बुडतो, तो आपल्याकडे तरी कशाला आयात करायचा?

रस्ते अडवण्याचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी मान्य करतो. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचा दिवस बुडाला, तर तिला सायकलपटूंची घोडदौड दाखवून त्याची भरपाई होत नाही. रुग्णवाहिका अडली, तर तिथे वादच संपतो. सप्टेंबर २०२५मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे रस्ता सायकलिंगचे जागतिक अजिंक्यपद झाले, आफ्रिकेतले पहिलेच. त्यासाठी तिथल्या शाळा आठवडाभर बंद ठेवल्या गेल्या. शेजारच्या काँगोमधल्या युद्धात हात असल्याचा आरोप असलेले सरकार खेळाच्या झगमगाटात स्वतःची प्रतिमा धुऊन घेत आहे, अशी टीकाही झाली, आणि ती टीका खोडून काढावी असे मला वाटत नाही. पण त्याच किगालीच्या दगडी चढावर जी गर्दी लोटली, ती सरकारने हाकलून आणलेली नव्हती. ‘टूर द्यू रवांडा’ २००९पासून आंतरराष्ट्रीय दिनदर्शिकेवर आहे. टेकडीच्या उतारावर, शेतांच्या बांधांवर उभे राहून शर्यत पाहण्याची सवय त्या लोकांना तेव्हापासून लागलेली आहे. सरकारचा हेतू आणि लोकांचा आनंद या दोन गोष्टी एकाच रस्त्यावर उभ्या असल्या, तरी त्या एक नव्हेत; पहिलीवर टीका करताना दुसरीला मूर्ख ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणि अडवणुकीचा प्रश्न बराचसा नियोजनाचा आहे. पुण्यातल्या शर्यतीची एकूण लांबी ४३७ किलोमीटर होती आणि ती सलामीची छोटी फेरी व चार टप्पे अशी पाच दिवसांत विभागलेली होती. यातला कोणताही एक बिंदू पाहिला, तर पहिला स्वार आणि शेवटचा स्वार यांत सपाटीवर पाव-अर्ध्या तासापेक्षा जास्त अंतर सहसा पडत नाही. पुढचा रस्ता बंद होत जावा आणि मागचा उघडत जावा, अशा सरकत्या बंदोबस्ताने एखाद्या गावाची गैरसोय तास-दीड तासात आटोपू शकते. ती अर्ध्या दिवसाची होत असेल, तर तो दोष शर्यतीचा कमी आणि एकदा दोरी बांधली, की संध्याकाळपर्यंत ती सोडायची नाही या सोयीस्कर कारभाराचा जास्त. शिवाय अनंत चतुर्दशीला चोवीस तासांहून अधिक काळ मध्यवर्ती पुणे बंद असते, पालख्या येतात तेव्हा शहर थांबते; ते आपण सोसतो, कारण ते आपले वाटते. सायकल शर्यत आपली नाही, परकी आहे, असे यावर कोणी म्हणेल. गणेशोत्सव सार्वजनिक झाला तोही १८९०च्या दशकात, आणि तेव्हाही ‘घरातला देव रस्त्यावर कशाला’ असे विचारणारे होतेच. उत्सव आपला की परका हे तो किती जुना आहे यावरून ठरते, की त्यात आपल्याला उभे राहायला जागा आहे का, यावरून? ज्या शहराला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत, त्याने सायकलीला परके म्हणावे, हे तर जरा जास्तच झाले.

सर्वांत गंभीर आक्षेप प्रेक्षकांवरचाच आहे: ते धोका निर्माण करतात. इथे मला काहीही झाकायचे नाही. १९०४च्या दुसऱ्याच ‘टूर’मध्ये सेंट-एतियेनजवळच्या चढावर, रात्रीच्या अंधारात, स्थानिक स्वाराला पुढे काढून जमावाने बाकीच्यांवर लाठ्या चालवल्या, पंचांना हवेत पिस्तुले झाडावी लागली. १९७५मध्ये फ्रान्समधल्याच प्वी द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने बेल्जियमचे दिग्गज स्वार एडी मर्क्स यांना पोटात ठोसा मारला. दोन दिवसांनी त्यांचा पिवळा सदरा गेला आणि तो त्यांना पुन्हा कधीच मिळाला नाही. २०१८मध्ये आल्प द्युएझच्या एकवीस वळणांच्या घाटात गर्दीतल्या कोणाच्या तरी पट्ट्यात अडकून विन्चेन्झो निबाली पडले आणि मणक्याला इजा होऊन शर्यतीबाहेर गेले. २०२१मध्ये पहिल्याच टप्प्यावर एका तरुणीने आजी-आजोबांना निरोप लिहिलेला पुठ्ठा कॅमेऱ्याकडे तोंड करून, म्हणजे येणाऱ्या घोळक्याकडे पाठ करून धरला आणि अख्खा घोळका कोसळला. तिला १२०० युरो दंड झाला, शिवाय स्वारांच्या संघटनेला नाममात्र एक युरो. मर्क्स यांच्या खटल्यातही नुकसानभरपाई नाममात्र एक फ्रँकच होती. भ्रमणध्वनीवरचे स्वतःचे छायाचित्र हा आजच्या घाटातला सर्वांत मोठा धोका आहे, आणि यजमानाने पाहुण्याची बाही धरू नये एवढी साधी गोष्ट पुष्कळांना कळत नाही.

पण या घटनांतून निष्कर्ष काय काढायचा? १९०४नंतर देग्रांज यांनी आता ही शर्यत संपली असे निराशेने लिहिले होते. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी प्रेक्षक हटवले नाहीत. टप्पे सहाचे अकरा केले, ते आखूड केले आणि रात्रीचे सायकल चालवणे काढून टाकले. गर्दी तीच राहिली, अंधार गेला. याच्या उलट १४ जुलै २०१६चा प्रसंग पाहा. ‘टूर’च्या मार्गावरच्या माँ व्हाँतू या डोंगराच्या माथ्यावर वादळी वारा होता, म्हणून टप्प्याची शेवटची रेषा सहा किलोमीटर खाली आणली गेली. माथ्यावर पसरणारी माणसे त्या खालच्या रस्त्यावर दाटली आणि त्यांना थोपवणारे कठडे पुरेसे खाली आलेच नाहीत. पुढची मोटारसायकल अडकली, रिची पोर्ट हे स्वार तिच्यावर आदळले, आणि पिवळा सदरा घातलेले क्रिस फ्रूम मोडकी सायकल टाकून डोंगर चक्क पळत चढू लागले. ते दृश्य जगभर गर्दीच्या बेशिस्तीचा पुरावा म्हणून दाखवले गेले. मला त्यात नियोजनाची चूक दिसते. गर्दी कुठे जमेल हे जर दोन दिवस आधी तंबू ठोकून बसलेल्या कोणालाही सांगता येते, तर ते आयोजकांना का सांगता येऊ नये?

प्रेक्षक काढून टाकले तर काय उरते, याचा प्रयोगही होऊन गेला आहे. जुलै २०२३मध्ये ‘टूर’ पस्तीस वर्षांनी पुन्हा प्वी द दोमवर गेली. ज्वालामुखीचा तो डोंगर संरक्षित असल्यामुळे शेवटच्या सुमारे चार किलोमीटरवर प्रेक्षकांना मनाई होती. कारण रास्त होते. डोंगराचा हक्क प्रेक्षकापेक्षा मोठा आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. पण दूरदर्शनच्या पडद्यावर त्या दिवशी जे दिसले ते विलक्षण होते. पोगाचार आणि व्हिंगेगो हे दोन आघाडीचे स्वार एकमेकांशी झुंजत चढत होते, आणि भोवती श्वासांचा व गियरचा आवाज सोडला, तर शांतता होती. ज्याला प्रेक्षकाविना शर्यत हवी आहे, त्याने ती चार किलोमीटर पुन्हा पाहावीत. मला ती व्यायामशाळेतल्या चाचणीसारखी वाटली.

गर्दी आवरण्याचा आणखी एक उपाय युरोपात अधूनमधून सुचवला जातो: प्रसिद्ध घाटांवर तिकीट लावा. संघांना दूरचित्रवाणीच्या हक्कांतला वाटा मिळत नाही, ते सर्वस्वी पुरस्कर्त्यांवर जगतात, तेव्हा हा पैसा कामी येईल, असे त्यामागचे गणित. गणित चुकीचे नाही, पण त्याने मूळ नातेच बदलते. बेल्जियमच्या ‘टूर ऑफ फ्लँडर्स’ने २०१२मध्ये शेवटची रेषा औदेनार्दला नेली आणि त्याच त्या चढांवर वारंवार फेऱ्या घातल्या, त्यामुळे बड्या पाहुण्यांचे तंबू भरले; पण त्यासाठी गेराड्सबर्गनची जुनी चढण वगळली, तेव्हा त्या गावातल्या लोकांनी तिची लटकी अंत्ययात्रा काढली. (२०१७मध्ये ती परत आणावी लागली.) अंत्ययात्रा माणूस आपल्या घरच्यांचीच काढतो. तिकीट काढलेल्या ग्राहकाचा सामना रद्द झाला, तर तो पैसे परत मागतो आणि विसरतो.

माझ्या यजमानाच्या उपमेची एक किंमत आहे, ती मलाच चुकवली पाहिजे. यजमान दार लावूनही घेऊ शकतो. सप्टेंबर २०२५च्या स्पेनमधल्या ‘व्हुएल्ता’ या सायकल शर्यतीत इस्रायली संघाच्या सहभागाविरुद्ध निदर्शने झाली, बिल्बाओच्या टप्प्याला विजेता न देताच तो थांबवावा लागला आणि १४ सप्टेंबरला माद्रिदमधला अखेरचा टप्पा अर्ध्यावर सोडून द्यावा लागला. १९८२मध्ये फ्रान्समधल्या देनँ येथे पोलाद कामगारांनी रस्ता अडवून ‘टूर’चा एक टप्पा रद्द करायला लावला होता. कोणी म्हणेल, म्हणूनच कठडे हवेत. मी स्वारासमोर उडी घेणाऱ्याचे समर्थन करत नाही. हाडे त्याची मोडतात, ज्याचा वादाशी संबंध नसतो. पण रस्ता लोकांचा आहे हे आनंदाच्या वेळी मान्य करायचे आणि रोषाच्या वेळी नाकारायचे, हे मला जमत नाही. ज्याला फक्त टाळ्या वाजवणारी गर्दी हवी आहे, त्याने शर्यत मैदानात घ्यावी. तिथे दारावर तपासणी करता येते.

आता पुन्हा पुण्याकडे. आपली शर्यत आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २.२ या श्रेणीची होती, म्हणजे टप्प्यांच्या शर्यतींतल्या खालच्या पायरीची. तिची ‘टूर’शी तुलना करून हसणे सोपे आहे, पण ‘टूर’चाही १९०३चा आरंभ साठ स्वारांनिशी एका खानावळीसमोरून झाला होता. प्रश्न पुढच्या शर्यतीचा आहे. मुळशी-मावळपासून पुरंदर-बारामतीपर्यंत मार्गावरच्या प्रत्येक गावाला शर्यत किती वाजता पोहोचेल, रस्ता किती वाजता सुटेल, मधल्या काळात पलीकडे जायचे तर कुठून, हे आठवडाभर आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले असावे. चढावरच्या शाळांना सुट्टी देण्यापेक्षा पोरांना वर्गातून रस्त्यावर आणावे आणि रांगेत उभे कसे राहायचे ते त्यांना शिकवावे. बंदोबस्ताच्या शिपायाला कोण पुढे आहे, हे सांगता यावे. मी उभा होतो तिथे लोक त्यालाच विचारत होते आणि त्या बिचाऱ्याला ‘मागे सरका’ एवढेच सांगायला सांगितलेले होते.

आणि डांबराचे. शर्यतीसाठी रस्ता केला, या आक्षेपातला डंख मला पूर्ण मान्य आहे, पण मी त्याचे तोंड फिरवू इच्छितो. ताशी साठने उतरणाऱ्या बारीक चाकाला चालेल असा रस्ता आपल्याला करता येतो, हे आता सिद्ध झालेले आहे; तेव्हा ‘करता येत नाही’ हे उत्तर यापुढे कोणी देऊ नये. ‘टूर’मध्ये शेवटच्या स्वाराच्या मागून एक गाडी येते, तिला झाडूगाडी म्हणतात, पूर्वी तिला खराच झाडू बांधलेला असे. ती गेली, की शर्यत गेली असे समजून लोक खुर्च्या मिटतात. पुरंदरच्या चढावर ती गेल्यानंतर त्याच डांबरावरून, डबलसीट, दप्तर मागे अडकवून शाळेत जाणाऱ्या पोराला पुढच्या पावसाळ्यानंतरही तो रस्ता तसाच मिळतो का, हे मी सप्टेंबरात जाऊन पाहणार आहे.